मवाळ रेझर, जहाल रेझर

जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात म्यूले नावाची कंपनी आहे. 1945 साली सुरू झालेली, दाढीचे ब्रश आणि रेझर बनवणारी. तिचे आर 89 आणि आर 41 हे दोन दुधारी रेझर शेजारी ठेवले, तर लांबून वेगळे ओळखू येत नाहीत. मूठ तीच, क्रोमची चकाकी तीच, आत बसणारं पातंही तेच. फरक आहे तो डोक्यात. आर 89 च्या धारेखाली सरळ, अखंड पट्टी आहे. आर 41 ला पट्टीऐवजी दाते आहेत आणि पात्याची धार बरीच पुढे आलेली आहे. पहिल्या रेझरने नवखा माणूसही थोड्या दिवसांत निर्धास्त दाढी करू लागतो. दुसऱ्यावर त्याने तोच निर्धास्तपणा दाखवला, तर फेस गुलाबी व्हायला वेळ लागत नाही.

तरीही रेझर घेताना गिऱ्हाईक पाहतं काय, तर मुठीवरची नक्षी, हाताला लागणारं वजन, पेटीचा थाट आणि किंमत. यातल्या वजनाचा गालाशी थोडाफार संबंध येतो, बाकीच्यांचा जवळपास नाहीच. खरा संबंध येतो तो टोपीखालच्या एका मिलिमीटरपेक्षाही कमी जागेचा. दुधारी रेझरांची तुलना करायची तर सुरुवात तिथून करावी.

टोपीखालचा मिलिमीटर

किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याला या रेझरचं पेटंट 1904 साली मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे विक्रीच्या पहिल्याच वर्षी, त्याचे अवघे 51 रेझर आणि 168 पाती खपली होती. तेव्हापासून आजपर्यंत मूळ रचना फारशी बदललेली नाही. वर गोलसर टोपी, खाली तबकडी आणि दोन्हींना आवळून धरणारी मूठ. मधे 43 मि.मी. लांब, 22 मि.मी. रुंद आणि जेमतेम 0.1 मि.मी. जाड पातं. मूठ आवळली की पातं टोपीच्या गोलाईवर वाकतं आणि वाकल्यामुळेच ताठ राहतं. एवढं पातळ पोलाद नुसतं धरून दाढी करणं अशक्यच.

आता या वाकलेल्या पात्याकडे बाजूने, डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावं. तीन गोष्टी दिसतील. धार आणि खालची पट्टी यांच्यातली फट ही पहिली. टोपी आणि पट्टी गालावर टेकवल्या, तर त्या दोघींना जोडणाऱ्या रेषेच्या बाहेर धार किती डोकावते, हा तिचा उघडेपणा, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे पातं धारेच्या किती जवळ पकडलं गेलंय. पकड दूर असेल तर धार केसाला अडकून थरथरते, आणि गालावर ‘खर्र’ असं ओढल्यासारखं जाणवतं ते त्यामुळे.

फटीचा अंदाज येण्यासाठी कॅनडाच्या रॉकवेल कंपनीच्या 6एस या रेझरचं उदाहरण सोयीचं आहे. त्याच्यासोबत तीन तबकड्या मिळतात आणि प्रत्येक तबकडी दोन्ही बाजूंनी वापरता येते, म्हणजे सहा पायऱ्या झाल्या. पहिल्या पायरीची फट 0.20 मि.मी. आणि सहावीची 0.8 मि.मी.च्या आसपास. एवढ्या अर्ध्यापाऊण मिलिमीटरच्या फरकात गाल सुखी होतो किंवा रात्रीपर्यंत हुळहुळत राहतो.

पण फट म्हणजेच सगळं काही, हा समज अपुरा आहे. कॅनडाचाच हेन्सन एएल13 हा ॲल्युमिनियमचा रेझर पाहावा. विमानांचे भाग कातणाऱ्या यंत्रांवर तो कातला जातो, आणि त्याच्या मवाळ आवृत्तीत धारेचा उघडेपणा 0.0013 इंच ठेवल्याचं कंपनी सांगते. म्हणजे 0.03 मि.मी.च्या किंचित वर. दाढीचा केस साधारण 0.1 मि.मी. जाड धरला, तर धार केसाच्या एक तृतीयांशाइतकीच बाहेर आली. शिवाय पातं धारेच्या अगदी जवळ आवळलेलं. त्यामुळे हा रेझर चुकीच्या हातातही सहसा चावत नाही.

या सगळ्याचा गोळाबेरीज परिणाम म्हणून रेझर मवाळ ठरतो किंवा जहाल. जहालाच्या वाटेला जाणाऱ्यांची एक ठाम समजूत असते की रेझर जितका जहाल तितकी दाढी गुळगुळीत. तसं नसतं. चार-पाच दिवसांची राठ दाढी एका हातात साफ करायची, तर जहाल रेझरचा उपयोग आहे. दात्यांमधून फेस आणि केस वाहून जातात, रेझर तुंबत नाही. पण रोज किंवा दिवसाआड दाढी करणाऱ्याला तेवढाच गुळगुळीतपणा मवाळ रेझरने दोनदा हात फिरवून मिळतो, आणि कातडी शाबूत राहते. टिळक-गोखल्यांचा वाद इतिहासकारांनी मिटवावा. बहुतेक चेहऱ्यांना मात्र गोखलेच मानवतात.

कोणता घ्यावा

पहिला दुधारी रेझर म्हणून ज्यांची नावं पुन्हा पुन्हा घेतली जातात, त्यांत मेर्कूर 34सी बराच वरचा. मेर्कूर हे झोलिंगनचं नाव. जर्मनीतलं हे गाव सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. 34सी बुटका आहे, उंची आठ सेंटिमीटरच्या आसपास, पण वजन सुमारे 77 ग्रॅम. मूठ जाड आणि खरखरीत असल्यामुळे साबणाच्या हातातून निसटत नाही. वजनाचा फायदा इथे दिसतो. रेझर आपल्याच भाराने गालावरून उतरतो, हाताने दाबावं लागत नाही. दाब देण्याची जुनी सवय मोडायला असा रेझर बरा. ज्यांचे पंजे मोठे आहेत त्यांना मूठ आखूड वाटेल. त्याच घराण्यात लांब मुठीचे नमुनेही आहेत.

म्यूले आर 89 आणि इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या एडविन जॅगरचा डीई 89 यांची डोकी जवळपास एकच. दोन्ही कंपन्यांनी मिळून तो आराखडा केला. तेव्हा या दोघांत जास्त चांगला कोणता, यावर रात्री जागवण्यात अर्थ नाही. जो स्वस्त मिळेल तो घ्यावा. 34सी पेक्षा हे दोन्ही किंचित मवाळच म्हणावे लागतील, आणि टोपीची गोलाई अशी की योग्य कोन आपसूक सापडतो.

मवाळांतला मवाळ हवा असेल तर जपानचा फेदर एएस-डी2. स्टेनलेस स्टीलचा, अत्यंत नीटस, महागडा. याच कंपनीची पाती बाजारातल्या सर्वांत धारदार पात्यांमध्ये मोजली जातात. रेझर इतका सौम्य आणि पातं इतकं तीक्ष्ण ही जोडी मुद्दाम जमवलेली आहे. नवख्याने फेदरचं पातं आधी जहाल रेझरमध्ये घालून पाहू नये एवढंच.

दुसऱ्या टोकाला विल्किन्सन स्वोर्डचा प्लॅस्टिकचा क्लासिक. हलका, दिसायला बेतास बात, पण कोन आणि फट बऱ्यापैकी जमलेली. हा प्रकार आपल्याला झेपेल का, एवढंच पाहायचं असेल तर त्याला नाक मुरडू नये.

भारतात बनलेले रेझरही आता जगभर जातात. पार्कर हे नाव अमेरिकन, पण त्याचे रेझर बनतात भारतात. त्यांचा 99आर पंखवाला आहे: मुठीचं टोक फिरवलं की डोक्याचे दोन दरवाजे उघडतात, पातं ठेवायचं, उलटं फिरवलं की बंद. बॉम्बे शेव्हिंग कंपनी (नावात बॉम्बे असली तरी ती दिल्लीच्या बाजूची) आणि पर्ल यांच्यासारख्यांनी दुधारी रेझर ऑनलाइन दुकानांत सहज मिळतील असे केले. अशा देशी रेझरचं काम चोख आहे की नाही हे पाच मिनिटांत तपासता येतं. पातं घालून मूठ आवळावी आणि उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंची फट पाहावी. एका बाजूला धार जास्त आणि दुसरीकडे कमी दिसली, किंवा एकाच बाजूला पातं तिरपं बसलं, तर मूठ सैल करून पातं पुन्हा बसवावं. तरीही तिरपंच राहिलं तर रेझर परत पाठवावा. वापरून सवय होईल म्हणून ठेवून घेऊ नये. तिरक्या धारेची सवय गालाला होत नाही.

पंखवाला की तीन तुकड्यांचा, हा प्रश्न घरच्या पाण्यावर सोडावा. पंखवाल्याची सोय मोठी आहे, धारेला हात लावावा लागत नाही. पण बोअरचं जड पाणी असलेल्या भागात त्याच्या बिजागऱ्यांत साबण आणि क्षार साचून बसतात, मग दरवाजे अर्धवट मिटतात आणि पातं सैल राहतं. अशा घरात तीन तुकड्यांचा रेझर उत्तम. मूठ सोडवली की सगळं वेगळं होतं, दातांच्या जुन्या ब्रशने घासलं की झालं. क्षारांचा पांढरा थर चढलाच तर व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात थोडा वेळ ठेवून धुऊन घ्यावा. फार वेळ मात्र नको, मुलामा खराब होतो.

तीन तुकड्यांच्या रेझरमध्ये पातं घालताना कापून घेणाऱ्यांची संख्या दाढीत कापून घेणाऱ्यांपेक्षा कमी नसावी. टोपी उलटी हातात धरावी, खिळे वर. पातं आखूड बाजूंनी, म्हणजे जिथे धार नसते तिथे, चिमटीत पकडून खिळ्यांवर बसवावं. वर तबकडी ठेवावी आणि मूठ आवळताना डोकं पुन्हा त्या दोन आखूड टोकांनीच धरावं. लांब कडेवर बोट ठेवून आवळलं की संपलं.

धातूबद्दल थोडक्यात. मध्यम किमतीच्या बहुतेक रेझरांची डोकी जस्ताच्या मिश्रधातूची असतात आणि वर क्रोमचा मुलामा. मुलामा शाबूत आहे तोवर काही बिघडत नाही. पण बाथरूमच्या फरशीवर पडला तर टोपीचा आटेवाला खिळा मोडतो, हा या धातूचा ठरलेला शेवट. पितळ टिकतं, स्टेनलेस स्टील तर नातवापर्यंत जाईल. मूठ मोडत नाही, डोकं मोडतं; आणि पुष्कळ तीन तुकडी रेझरांचे आटे एकाच मापाचे असल्यामुळे नवं डोकं जुन्या मुठीवर बसूही शकतं.

कमी-जास्त करता येणारे रेझर हा वेगळाच मोह आहे. जिलेटने 1958 च्या सुमारास बाजारात आणलेल्या आणि पुढे ‘फॅटबॉय’ म्हणून गाजलेल्या रेझरला एक ते नऊ असे आकडे होते. आकडा वाढवला की फट रुंदावते. मेर्कूरच्या प्रोग्रेसला एक ते पाच. पार्करचा व्हेरिएंटही याच जातीचा. अनुभवी माणसाला यांचा खरा उपयोग होतो: गालावर दोन, हनुवटीवर तीन. नवखा मात्र रोज आकडा बदलतो आणि चटका लागला तर तो पात्यामुळे, हातामुळे की आकड्यामुळे, हे त्याला कधीच कळत नाही. घ्यायचाच असेल तर पहिले काही आठवडे सगळ्यात खालच्या आकड्यावर कुलूप लावल्यासारखा ठेवावा.

जुन्या वस्तूंची हौस असलेल्यांना मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखादा जुना जिलेट हाती लागूही शकतो. अमेरिकेत बनलेल्या 1950 नंतरच्या जिलेट रेझरांवर सालाची खूण असते, एक अक्षर आणि तिमाहीचा आकडा. 1955 साठी ए, 1956 साठी बी असं पुढे. म्हणजे ‘एफ 2’ दिसलं तर तो रेझर 1960 च्या दुसऱ्या तिमाहीतला. खूण पाहून हुरळण्याआधी दरवाजे दोन्ही बाजूंनी सारखे मिटतात का आणि पट्टी कुठे वाकलेली नाही ना, हे पाहावं. घरी आणल्यावर गरम साबणाच्या पाण्यात घासून स्पिरिटने पुसून घ्यावा.

पात्याची परीक्षा

रेझर एकदाच घेतला जातो, पातं मात्र दर आठवड्याला बदलतं. तरी लोक रेझरवर महिनाभर विचार करतात आणि पाती शेजारच्या दुकानात जी मिळतील ती आणतात.

पात्यांच्या बाबतीत भारताची स्थिती चांगली आहे. ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचं सुपरमॅक्स, कोलकात्याच्या मल्होत्रांचं टोपाझ, जिलेटचं सेव्हन ओ क्लॉक ही नावं पिढ्यान्‌पिढ्या घरात आहेत. सलूनमधला कारागीर हेच दुधारी पातं कागदासकट मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात सरकवतो. म्हणूनच पाती घेण्याची उत्तम जागा म्हणजे सलूनचं सामान विकणारं दुकान: तिथला माल रोज खपतो, कपाटात पडून राहत नाही. नावाजलेल्या छापाची पाती नेहमीच्या भावाच्या निम्म्याने कुणी देत असेल, तर ती खोटी असण्याची शक्यता जास्त.

एकच पातं दोन चेहऱ्यांवर वेगळं वागतं, त्यामुळे ‘सर्वांत चांगलं पातं कोणतं’ या प्रश्नाला उत्तर नाही. तीन-चार प्रकारच्या पात्यांची एकेक पाकिटं आणावीत आणि प्रत्येक छापाची दोन पाती वापरून मगच मत बनवावं. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नवा रेझर, नवं पातं आणि नवं क्रीम एकाच सोमवारी सुरू केलं की तुलना तिथेच संपते.

धार बोथट का होते, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पातं केसापेक्षा पन्नासपट कठीण. मग मऊ केसाने पोलाद कसं झिजावं? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सेम तासान यांच्या प्रयोगशाळेतल्या जानलुका रोशोली या संशोधकाने स्वतःची दाढी करून ती पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. 2020 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार धार नुसती गोल होत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून धारेला तिरका भिडतो आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसेल, तर टवका निघतो.

व्यवहारात एक पातं तीन ते पाच दाढ्या नीट करतं. ओढल्यासारखं वाटू लागलं की फेकावं. पातं काटकसरीने आणखी दोन दिवस चालवणाऱ्यांच्या मानेवर ती काटकसर पुरळ होऊन दिसते. दाढीनंतर पातं टॉवेलने पुसू नये. धारेवरचा पातळ मुलामा खरवडला जातो आणि बोटही कापतं. रेझर पाण्याखाली धरून झटकावा आणि उभा ठेवावा.

खर्चाचा हिशेब वाचकांनी आपल्या भावाने करावा. समजा पातं पाच रुपयांना पडलं, एका पात्यात चार दाढ्या झाल्या आणि आठवड्यातून पाच दिवस दाढी केली, तर वर्षाला 65 पाती, म्हणजे सव्वातीनशे रुपये. चार-पाच पात्यांच्या कार्ट्रिजवर होणारा खर्च ज्याचा त्याला ठाऊक असतोच.

तांब्याभर पाणी

2002 च्या सुमारास जिलेटने भारतासाठी एक कार्ट्रिज रेझर आणला. त्याची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली होती आणि त्यांना तो आवडलाही होता. भारतात मात्र रेझर तुंबला. त्या विद्यार्थ्यांपुढे वाहता नळ होता. इथे लाखो लोक तांब्याभर पाण्यात दाढी उरकतात. पुढे कंपनीची माणसं भारतातल्या घराघरांत बसून दाढी करणाऱ्यांना पाहत राहिली, आणि 2010 साली एकाच पात्याचा गार्ड पंधरा रुपयांना बाजारात आला. दुधारी रेझरला हा त्रास मुळातच कमी. दोन्ही बाजू उघड्या असतात, मगमध्ये दोनदा हिसळला की स्वच्छ. एक बाजू भरली की उलटवून दुसरी वापरायची.

पाणी जड असेल तर फेस मात्र रुसतो. साबण कितीही घासला तरी पातळ, दह्याच्या निवळीसारखा पांढरट लेप होतो आणि मिनिटात सुकतो. फेसापुरतं वाटीभर पिण्याचं, आरओचं पाणी वापरून पाहावं; फरक लगेच दिसेल. डब्यातून फुसकन येणाऱ्या फोमपेक्षा ट्यूबमधलं क्रीम किंवा साबण ब्रशने घोळवलेला बरा, कारण ब्रश फेरे घेत केस उभे करतो आणि पाणी मुळाशी नेतो.

त्याआधी दाढी दोन-तीन मिनिटं भिजलेली हवी. केस पाणी शोषून फुगतो, मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. म्हणून अंघोळीनंतरची दाढी सुखाची. घाईत फेस लावून लगेच रेझर टेकवणाऱ्याला जगातला कुठलाही रेझर जहालच वाटणार, आणि मग दोष विनाकारण रेझरला जातो.

कोन सापडण्याची युक्ती सोपी आहे. टोपी गालावर सपाट टेकवावी, मूठ गालाशी काटकोनात. मग मूठ हळूहळू खाली आणावी. जिथे धार केसाला लागल्याचं जाणवेल तिथे थांबावं. पातं आणि कातडी यांच्यात साधारण तीस अंशांचा कोन होतो. पहिला हात केसांच्या कलाने, दोन-तीन सेंटिमीटरचे आखूड फटकारे, दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली. मग पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. उलटी दाढी पहिल्या महिन्यात नकोच, आणि ज्यांचे केस कुरळे आहेत, मानेवर केस आत वळून फोड येतात, त्यांनी ती कधीच करू नये. अशांना दुधारी रेझरचा बरेचदा फायदा होतो, कारण एकच पातं केस कातडीच्या पातळीवर कापतं, ओढून आत लपेल इतकं खोल नाही.

मान ही फसवी जागा. गालावरचे केस खाली वाहतात, पण घाटीच्या दोन्ही बाजूंना ते आडवे, कधी वर, कधी भोवऱ्यासारखे फिरलेले असतात. दोन दिवस दाढी वाढवून बोट फिरवून पाहावं. ज्या दिशेला बोट सरळ जातं तो कल, जिथे खरखरतं ती उलटी बाजू. हे एकदा समजलं की मानेवरच्या चटक्यांपैकी निम्मे तरी जातात. घाटीवरून रेझर नेताना आवंढा गिळून धरावा, किंवा कातडी बाजूला ओढून सपाट भागावर दाढी करावी.

दाढी झाल्यावर गार पाणी आणि मग तुरटी. सलूनमध्ये ती शेवटी फिरवली जाते आणि लोक तिला निव्वळ रक्त थांबवण्याची वस्तू समजतात. रेझरांची तुलना करणाऱ्याला ती फुकटची परीक्षक आहे. ओल्या चेहऱ्यावर तुरटी फिरवली की जिथे कातडी खरवडली गेली असेल तिथे झोंबते, बाकी ठिकाणी नाही. दोन रेझर तपासायचे असतील, तर एका आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरा वापरावा, पातं आणि क्रीम तेच ठेवावं, आणि तुरटी कुठे झोंबली ते लक्षात ठेवावं. आरशातली गुळगुळीत हनुवटी फसवते, तुरटी फसवत नाही. अर्ध्या मिनिटात ती धुऊन टाकावी, नाहीतर कातडी कोरडी पडते.

काहींनी या भानगडीत न पडलेलंच बरं. हात थरथरत असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा चेहऱ्यावर मुरमांचा बहर असेल, तर इलेक्ट्रिक ट्रिमर किंवा डॉक्टरांचा सल्ला. आणि रेझर कुणालाही उसना देऊ नये, घरातही नाही. न दिसणाऱ्या रक्ताच्या थेंबातून कावीळ ब सारखा आजार पसरू शकतो.

विमानाने जाताना पाती आणि पातं लावलेला रेझर केबिन बॅगेत चालत नाही, सामानात टाकावा. उरला प्रश्न वापरलेल्या पात्यांचा. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलेलं पातं कचरा वेगळा करणाऱ्या मावशींच्या बोटात जातं. पत्र्याचा एखादा रिकामा डबा घ्यावा, झाकणाला पातं सरकेल एवढी चीर पाडावी, झाकण कडेने चिकटपट्टीने बंद करावं आणि वर ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ लिहावं. वर्षाची 65 पाती अशा डब्यात सहज मावतात. भरला की चिरेवरही पट्टी लावून, आत काय आहे ते सांगून, सुक्या कचऱ्यापासून वेगळा हातात द्यावा.